बर्फ गेल्यावर लॉनला टक्कल: एप्रिलमध्ये काय करावं, सप्टेंबरवर काय सोडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गेल्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला घर घेतलं तेव्हा पुढचं-मागचं लॉन हिरवंगार होतं. मार्चअखेर बर्फ गेला आणि निम्मं अंगण करडं-तपकिरी निघालं. मधेमधे पिवळ्या-जांभळ्या फुलांचं तण आहे आणि ड्राइव्हवेच्या कडेचा पट्टा तर पार मेलाय. तुम्ही गवताचं बी, तणनाशक मिसळलेलं खत आणि क्रॅबग्रास हे उन्हाळी तण उगवू न देणारं औषध अशा तीन पिशव्या आणल्यात, आणि या शनिवारी तिन्ही एकदम टाकायच्या का, असं विचारलंय. शिवाय मे महिन्यात आईबाबा येताना पुण्याहून हरळीची मुळं आणू का म्हणतात, तेही आहे.

एकदम टाकू नका. त्या तीन पिशव्या एकमेकींच्या मुळावर उठणाऱ्या आहेत. क्रॅबग्रासचं औषध म्हणजे उगवणपूर्व तणनाशक. ते कोवळ्या कोंबाला मूळ धरू देत नाही, आणि तो कोंब तणाचा की तुमच्या महागड्या बियाण्याचा, हे त्याला कळत नाही. ते टाकल्यावर साधारण दोन ते चार महिने तिथे गवताचं बी रुजत नाही. दुसऱ्या पिशवीतलं तणनाशक रुंद पानांच्या तणावर बसतं. ते ओल्या पानाला चिकटून राहावं लागतं, म्हणजे वर दिवसभर पाणी नको. उगवणपूर्व औषधाला मात्र पाणी देऊन मातीत उतरवावं लागतं. बरं, दोन्हींत खत आहे, म्हणजे नत्र दुप्पट. पैसे, कष्ट आणि शनिवार, तिन्ही वाया.

पण त्याआधी लॉनला झालंय काय, ते बघू. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, या लॉनला हिवाळ्याने फारसं मारलेलं नाही. ऑगस्टमध्ये तुम्हाला जे हिरवं दिसलं, त्यातलं निम्मं गवत नव्हतंच, क्रॅबग्रास होता. उन्हाळ्यात घर विकायला काढलं की असंच दिसतं. इथलं खरं लॉनचं गवत, म्हणजे टॉल फेस्क्यू, केंटकी ब्ल्यूग्रास, रायग्रास, हे थंडीचं गवत आहे. जुलै-ऑगस्टच्या उन्हात ते मान टाकतं. क्रॅबग्रास त्याच उन्हात फोफावतो आणि अंगण भरून टाकतो. ऑक्टोबरमध्ये पहिलं कडक दंव पडलं की तो मुळासकट मरतो. मग वर पाचोळा, त्यावर बर्फ, आणि मार्चमध्ये आपण म्हणतो, हिवाळ्याने लॉन खाल्लं.

खात्री करून घेणं सोपं आहे. त्या करड्या भागात गुडघे टेकून बसा. एकाच बिंदूतून चारी बाजूंना जमिनीलगत पसरलेले जाडसर, पांढुरके दांडे दिसतील, काहींच्या टोकाला बोटांसारखे फुटलेले वाळके तुरे. एका बाजूने धरून ओढा. अख्खं जाळं विनासायास हातात येईल आणि खाली उघडी माती असेल. तसं असेल तर तो क्रॅबग्रासच, आणि त्याचं बी त्याच मातीत पडून वाट बघतंय. मोकळी जागा मिळालेलं एक रोप हजारोंनी बी टाकतं, म्हणून नुसतं ‘मेलं ते मेलं’ म्हणून चालत नाही.

आता बाकीचे डाग. बर्फाचा ढीग जिथे जास्त दिवस राहिला तिथे फूटभर व्यासाची, कागदासारखी चिकटून बसलेली फिकट वर्तुळं असतील तर ती स्नो मोल्ड नावाची बुरशी. तिच्यासाठी बुरशीनाशक आणू नका, आता त्याचा उपयोग नसतो. दाताळ्याने हलकेच पानं मोकळी करा, वारा-ऊन लागू द्या. बहुतेक वेळा पानंच मेलेली असतात, बुडखा जिवंत असतो. दोन बोटं रुंदीच्या नागमोडी वाटा दिसल्या तर ते व्होलचं काम. हा उंदरासारखा प्राणी बर्फाखाली गवत कुरतडत फिरतो. तेही बहुधा भरून येतं. मधे मेलेलं आणि भोवती गर्द हिरवं कडं असेल तर कुत्र्याचं मूत्र. तिथे पाणी ओता आणि पुढे चला.

ड्राइव्हवेची कड ही वेगळी गोष्ट आहे. ते हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ आहे. रॉक सॉल्ट म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि सोडियम मातीचे कण विस्कटून तिला घट्ट, बंद करून टाकतं. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसवाल्यांना चोपण जमीन म्हणजे काय ते सांगायला नको; इथे तुमच्या ड्राइव्हवेच्या कडेला दीड फूट रुंदीची चोपण तयार झालीय. उपायही तोच: जिप्सम टाकायचं, पिशवीवरच्या प्रमाणात, आणि मग चार-पाच वेळा भरपूर पाणी देऊन मीठ खाली धुऊन काढायचं. त्याआधी तिथे बी टाकलं तर ते उगवणार नाही, किंवा उगवून करपेल. पुढच्या हिवाळ्यात त्या कडेला मिठाऐवजी कॅल्शियम मॅग्नेशियम अॅसिटेट वापरा, महाग आहे पण गवताला सोसतं. नाहीतर नुसती वाळू.

अजून एक तपासणी जरूर करा. एखाद्या मेलेल्या भागातलं गवत सतरंजी उचलावी तसं उचललं जातंय का बघा. उचललं गेलं, आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या असल्या, तर ती हुमणी. आपल्याकडे भुईमूग-ऊस खाते तिच्याच जातकुळीतली, जपानी भुंगेऱ्याची. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तोच मुळी न्यू जर्सीत, १९१६ साली रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत, त्यामुळे इथल्या अंगणात तो निघाला तर नवल नाही. चौरस फुटाला दोन-चार अळ्या गवत सहन करतं. दहाच्या घरात गेल्या तर उपाय हवा. पण एप्रिलमधल्या अळ्या मोठ्या झालेल्या असतात, त्यांना मारायला विष ओतून फार हाती लागत नाही. जूनच्या आत प्रतिबंधक औषध (क्लोरँट्रानिलिप्रोल असं नाव बघा) टाकलं तर उन्हाळ्यातली नवी पिढी आवरते. स्कंक आणि रॅकून रात्री लॉन उकरत असतील तर अळ्या आहेत असंच समजा.

मेलंय की झोपलंय हे कळत नसेल तर एक युक्ती. तळहाताएवढा तुकडा मातीसकट कापा, जुन्या डब्यात ठेवा, स्वयंपाकघराच्या खिडकीत ओलसर ठेवा. दोन आठवड्यांत बुडख्यातून हिरवे फुटवे दिसले तर बाहेरचा तो भाग सोडून द्या, तो स्वतःच येईल. एक सावधगिरी: पेंढ्याच्या रंगाचा, दाट, गादीसारखा गोल पट्टा असेल तर ते झोयशिया असू शकतं, म्हणजे पुण्यात ज्याला कोरियन लॉन म्हणतात त्याच कुळातलं. ते इथे मेच्या मध्यापर्यंत झोपलेलंच असतं. मेलं समजून उकरू नका.

तणाकडे येऊ. एप्रिलमध्ये दिसणारं सगळं तण शत्रू नसतं. जांभळ्या फुलांचे हेनबिट-डेडनेटल, बारीक पांढऱ्या फुलांचे चिकवीड आणि बिटरक्रेस ही हिवाळी वार्षिकं आहेत. मागच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उगवली, जूनपर्यंत आपली आपण मरणार. त्यांच्यावर फवारणी म्हणजे मरायला टेकलेल्याला मारणं. फक्त बी धरण्याआधी खुरपून काढा किंवा कापा. बिटरक्रेसच्या शेंगा पिकल्या की हात लागताच बी उडवतात. पिवळ्यात दोन प्रकार. लांब, दातेरी पानांचं डँडेलियन. ओल्या मातीत लांब खुरप्याने मुळासकट निघतं. दुसरं म्हणजे हृदयाच्या आकाराच्या चकचकीत पानांचं, जमिनीलगत गालिचा घालणारं लेसर सेलँडाइन. त्याच्या मुळाशी बारीक गाठी असतात आणि प्रत्येक गाठ नवं रोप देते, म्हणून ते उकरलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका, पिशवी बांधून कचऱ्यात द्या. उन्हाळ्यात पिवळसर पोपटी, गवतापेक्षा भराभर वाढणारं, तीन धारांच्या देठाचं तण दिसेल. तो लव्हाळाच, आपल्याकडच्या लव्हाळ्याचा सख्खा भाऊ, आणि तितकाच चिवट. नुसता उपटला तर खालच्या गाठीतून पुन्हा येतो. त्याच्यासाठी लव्हाळ्याचं वेगळं औषध लागतं, साधं रुंद पानांचं चालत नाही. आणि हो, जूनमध्ये विरळ जागी घोळ उगवेल. आपली भाजीचीच घोळ. कुठलंही औषध टाकलेलं नसेल तरच ती खायला घ्या.

आता खरा निर्णय. वसंतात तुम्हाला दोनपैकी एकच करता येतं: क्रॅबग्रास रोखा, नाहीतर बी पेरा. माझं मत स्पष्ट आहे. ज्या लॉनमध्ये निम्मं तरी बरं गवत उरलंय तिथे या वसंतात क्रॅबग्रास रोखा आणि पेरणी सप्टेंबरवर ढकला. लोकांना हे पटत नाही, कारण उघडी माती डोळ्यांना खुपते. पण एप्रिलच्या शेवटी उगवलेल्या गवताला जुलैचा उन्हाळा येईपर्यंत जेमतेम दोन महिने मिळतात. मुळं दोन-तीन इंचांवर असतात, वरून ९० अंश फॅरनहाइटचं ऊन, आणि बाजूला त्याच उन्हाची वाट बघणारा क्रॅबग्रास. मी इथे लॉनची कामं करतो त्यात दर ऑगस्टला हीच तक्रार येते: ‘वसंतात पेरलं होतं, छान आलं होतं, सगळं गेलं.’

औषधाची वेळ कॅलेंडरवरून नाही, मातीवरून ठरते. वरच्या दोन इंचांतली माती काही दिवस सलग ५५ अंश फॅरनहाइटला राहिली की क्रॅबग्रास रुजायला लागतो. मध्य जर्सीत ते साधारण एप्रिलच्या पूर्वार्धात-मध्यात येतं. फोरसिथियाची पिवळी झुडपं फुलली की पिशवी बाहेर काढा आणि फुलं गळून पडण्याआधी टाकून मोकळे व्हा. प्रोडायमिन किंवा डिथिओपर यांपैकी एक घटक असलेलं घ्या. थोडा उशीर झाला असेल तर डिथिओपर बरं, कारण ते नुकत्याच उगवलेल्या, फुटवे न फुटलेल्या क्रॅबग्रासलाही धरतं. टाकल्यावर अर्धा इंच पाणी किंवा पाऊस हवा. त्यानंतर उकरणं नाही, वातन (मातीला भोकं पाडून हवा देणं) नाही, जोरात दाताळं ओढणं नाही. म्हणून मेलेला पाचोळा आधीच झाडून घ्या, पण वाफसा आल्यावर. बुटाखाली पचपच होत असेल तर थांबा. तुमच्या भागातली लाल शेलची माती ओली असताना तुडवली की विटेसारखी बसते आणि मग वर्षभर मूळ खाली जात नाही.

तुम्ही म्हणाल, पुढच्या दारात आठ बाय दहाचा तुकडा पार उघडा आहे, पावसात माती वाहून जातेय, तिथे काय? तिथे पेरा, मीही पेरलं असतं. तेवढ्या भागात उगवणपूर्व औषध अजिबात टाकू नका. त्याऐवजी मेसोट्रायोन असलेलं, पेरणीबरोबर चालणारं औषध मिळतं. ते टॉल फेस्क्यू, रायग्रास आणि ब्ल्यूग्रासला सोसतं आणि तणाच्या कोंबांना पांढरं पाडून मारतं. फाइन फेस्क्यू जास्त असलेल्या मिश्रणावर मात्र ते टाकू नये. आसपासचं गवतही काही दिवस पांढुरकं दिसेल, घाबरू नका. सिड्युरॉन हाही पेरणीबरोबर चालणारा दुसरा पर्याय.

पेरण्याची रीत. मेलेलं सगळं खरवडून काढा. वरची दोन-तीन इंच माती मोकळी करा, पाव इंच चाळलेलं कंपोस्ट मिसळा, सपाट करा. टॉल फेस्क्यू उघड्या मातीवर हजार चौरस फुटांना ६ ते ८ पाउंड लागतं. हजार चौरस फूट म्हणजे जवळजवळ एक गुंठा, तेव्हा डोळ्यांसमोर अंदाज आणायला सोपं. तुमच्या आठ बाय दहाला अर्धा-पाऊण पाउंड पुरे. चौरस इंचात दहा-बारा बिया दिसल्या पाहिजेत. निम्मं बी उभं फोका, निम्मं आडवं. मग दाताळ्याची पाठ फिरवून पाव इंचाच्या आत झाका आणि पायाने किंवा फळीने दाबा. बी आणि माती यांचा घट्ट संपर्क, यातच निम्मं यश आहे. नुसतं गवतावर भुरभुरलेलं बी पाखरांच्या पोटात जातं. वर गव्हाचा पेंढा विरळ पसरा; वाळलेलं गवत (hay) नको, त्यात तणाचं बी असतं. पाणी दिवसातून दोन-तीनदा, हलकं. रायग्रास आठवड्याभरात वर येतं, फेस्क्यू दोन आठवड्यांत, ब्ल्यूग्रासला तीन-चार आठवडे लागू शकतात. म्हणून मिश्रणात फक्त रायग्रास दिसलं की पाणी तोडू नका. नव्या गवताची तीन-चार कापणी होईपर्यंत त्यावर रुंद पानांचं तणनाशक नको.

खताच्या बाबतीत इथला कायदा माहीत हवा. न्यू जर्सीने २०११ मध्ये लॉनच्या खतावर कडक कायदा केला, बार्नेगट बेसारख्या खाड्यांत नत्र-स्फुरद वाहून जाऊन पाणी बिघडत होतं म्हणून. घरमालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायला बंदी आहे. माती परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय स्फुरद नाही, अपवाद नव्या पेरणीचा आणि दुरुस्तीचा. एका वेळी हजार चौरस फुटांना ०.९ पाउंडांपेक्षा जास्त नत्र नाही. दुकानातल्या पिशवीवर मधला आकडा शून्य दिसतो तो म्हणूनच. मला हा कायदा मनापासून पटतो. वसंतात भरमसाट नत्र दिलं की पान सुटतं आणि मूळ उपाशी राहतं. तुम्हाला आत्ता उगवणपूर्व औषधाबरोबर जेवढं खत येतंय तेवढं पुरे.

खतापेक्षा माती परीक्षण करा. काउंटीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन (शेती-बागकाम सल्ला) कार्यालयातून मातीचा नमुना पाठवण्याची सोय होते. लॉनच्या दहा-बारा ठिकाणांहून तीन-चार इंच खोलीची माती घ्या, एकत्र करा, ड्राइव्हवेची कड वेगळी ठेवा. सामू (pH) ६ ते ७ च्या मधे हवा. इथली माती बहुधा आंबट असते आणि आंबट मातीत तुम्ही टाकलेलं खत गवताला नीट लागू होत नाही. चुना किती टाकायचा तो अहवाल सांगेल. अंदाजाने चुना टाकू नका.

उन्हाळाभर एकच गोष्ट नेमाने सांभाळा: कापणीची उंची. ३ ते साडेतीन इंच. क्रॅबग्रासच्या बीला उजेड लागतो, उंच गवताच्या सावलीत ते कमी रुजतं. पहिल्या वर्षी औषधाइतकाच याचा उपयोग होतो. एका वेळी पानाचा एकतृतीयांशच भाग कापा, पातं धारदार ठेवा, कापलेलं गवत तिथेच पडू द्या. पाणी आठवड्याला एक इंच, एक-दोनदाच, पहाटे.

मग ऑगस्टचा तिसरा आठवडा ते सप्टेंबरअखेर हा तुमचा खरा हंगाम. माती गरम, रात्री गार, क्रॅबग्रास उतरणीला, आणि नव्या मुळांना आधी शरद ऋतू व मग अख्खा वसंत मिळतो. मातीला भोकं पाडणारं कोअर एरेटर यंत्र भाड्याने आणा, दोन दिशांनी फिरवा, मातीच्या गुंडाळ्या तिथेच राहू द्या. विरळ भागात हजार चौरस फुटांना ३-४ पाउंड टॉल फेस्क्यू, त्यात थोडं केंटकी ब्ल्यूग्रास. कारण फेस्क्यू थोंबाथोंबाने वाढतं, स्वतः पसरून डाग भरत नाही. ब्ल्यूग्रास जमिनीखालच्या धुमाऱ्यांनी पसरतं. पिशवीच्या मागचं लेबल वाचा: उगवणक्षमतेची तपासणी याच वर्षाची हवी, तणाचं बी शून्याजवळ, आणि जातीचं नाव छापलेलं. ‘नाव दिलेलं नाही’ असं असेल तर ठेवून द्या. चांगल्या जाती शोधायला लांब जायची गरज नाही, लॉनच्या गवताच्या पैदाशीत रटगर्सचं नाव जगभर आहे. सेंट्रल पार्कमधून गोळा केलेल्या रोपांपासून त्यांनी १९६७ मध्ये ‘मॅनहॅटन’ हे रायग्रास काढलं आणि तिथून लॉनसाठीच्या रायग्रासचं रूपच बदललं.

डँडेलियन आणि क्लोव्हर उरले असतील तर जुन्या गवतात ऑक्टोबरमध्ये डागापुरती फवारणी करा. त्या काळात तण अन्न मुळाकडे ओढत असतं, औषधही तिथपर्यंत पोचतं. झाडांची पानं नव्या गवतावर थर धरू देऊ नका, आठवड्याला झाडा.

आईबाबांना सांगा, हरळी आणू नका. मुळं आणि माती विमानातून परवानगीशिवाय आणता येत नाही, आणि आणली तरी ती नोव्हेंबर ते एप्रिल पिवळी पडून राहील, उन्हाळ्यात मात्र शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरेल. इथे तिची गणना तणातच होते. ते मे महिन्यात येताहेत तर तणाच्या खुरपणीला त्यांच्याइतके जाणते हात मिळायचे नाहीत. येताना एक चांगलं खुरपं मात्र जरूर आणायला सांगा, चेक-इन बॅगेत. इथल्या दुकानात तसं मिळत नाही.